शिगी हुण्णवीला, म्हणजे आश्विनातल्या पौर्णिमेला, चरग (शेतातला नैवेद्य) घालायचाय, आज्जी आता नाही, कुणीतरी नीट सांगा

नंदगडचा_नातू

नमस्कार मंडळी. माझं आजोळ खानापूर तालुक्यात, नंदगडच्या जवळ. मी पुण्यात नोकरीला, खरं लहानपणीची दसऱ्याची सुट्टी सगळी आजोळातच गेली. आज्जी मागच्या उन्हाळ्यात गेली. परवा मामाचा फोन आला, म्हणाला यंदा शिगी हुण्णवीचं काय जमतंय असं वाटत नाही, मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला खाली बसवत नाही. मी पटकन म्हणून टाकलं की आम्ही येतो, बायको-पोरांना घेऊन येतो, सैपाक आम्ही करतो.

आता बसून आठवूलोय तर अर्धंच आठवतंय. आज्जीच्या डोक्यावर बुट्टी, वर पांढरं धडपं. भाताच्या शेतात पाच दगड मांडून त्यांना चुना आणि कुंकू लावायचे. आज्जा बांधाबांधानं चरग शिंपडत पुढं आणि मी तांब्यातनं पाणी शिंपडत मागनं. तांब्या जड असायचा आणि अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडायचं. खरं त्या बुट्टीत नेमकं काय काय असायचं? कडबू तळलेले की उकडलेले? पुंडीची भाजी कशी करतात? बायको नाशिकची आहे, तिनं हे कधी बघितलेलं नाही, खरं ती मनापासून तयार आहे. आणि दुसऱ्या दिवशी पोरांना जवळपास कुठं न्यावं तेपण सांगा.

शहापूरची_सून

दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं बघा. माझं माहेर खानापूरकडचंच, लग्न होऊन बेळगावात शहापूरला आले, खरं ह्या पौर्णिमेला अजून माहेरच्या शेतात जाते.

आमच्यात कडबू तळलेलेच. काही घरात उकडतात, खरं शेतात न्यायला तळलेले बरे, फुटत नाहीत आणि दोन दिवस राहतात. हरभऱ्याची डाळ एक वाटी, गूळ एक वाटी, वेलदोडे आणि जायफळ, पुरण घट्ट आटवायचं, सैल राहिलं की तेलात कडबू उकलतो आणि सगळं तेल काळं होतं. वरचं पीठ गव्हाचं, चमचाभर कडकडीत तेल घालून घट्ट मळायचं, पुरी लाटून अर्धी दुमडायची आणि कडेला मुरड घालायची. मुरड पहिल्या वर्षी जमत नाही, वहिनींना सांगा बोटानं दाबून बंद केली तरी चालतंय.

पुंडी म्हणजे अंबाडी. पानं खुडून उकळायची आणि ते पहिलं पाणी ओतून द्यायचं, नाहीतर तोंड आंबून जातं. तूरडाळ आणि जोंधळ्याच्या नाहीतर तांदळाच्या कण्या वेगळ्या शिजवून त्यात पानं घालून घोटायची, हिरवी मिरची ठेचून, मीठ, आणि सगळ्यात शेवटी शेंगतेलात भरपूर लसूण लाल करून वर ओतायचा. लसणात हात आखडू नका. सोबत तीळ लावलेली भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, आणि दहीबुत्ती (दहीभात) हवीच, उन्हात शेतात बसून दहीबुत्तीसारखं काही नाही.

चरगासाठी सगळ्यातलं थोडंथोडं काढून एका बुट्टीत कालवायचं, भाकरी कुस्करून. आधी पाच दगडांची पूजा, ते पांडव. मग पिकाची ओटी भरायची, खण, हिरव्या बांगड्या, पान-सुपारी. मग चरग घेऊन शेताला फेरी. जेवायला बसायचं ते त्यानंतर. पोरांना आधी थोडं खायला घाला, आमची पोरं भुकेनं रडायची.

काळी_माती

मी बैलहोंगलकडचा. आमच्याकडं काळ्या रानात मोठा चरग येळ्ळ अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा जोंधळा आणि हरभरा रानात उभा असतोय. शिगी हुण्णवीला आमची रब्बीची पेरणीच चालू असते. तुमच्याकडं भात, म्हणून तुमची शिगी मोठी. दोन्हीकडं भावना एकच, पीक पोटात घेऊन भूमी बसलीय, तिचे डोहाळे पुरवायचे.

बांधावरचा

एक मनापासून विचारतो, राग मानू नका. ही कोजागिरीचीच पौर्णिमा ना? मग आपल्या मराठी घरात कन्नड हुण्णवी कशाला म्हणायचं? कोकणात तर हिला नव्याची पौर्णिमा म्हणतात.

शहापूरची_सून

दादा, राग नाही. कोकणात ह्या दिवसांत हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात कापून घरात येतं म्हणून तिथं नव्याची पौर्णिमा. आमच्या खानापूर भागात बरंचसं भात अजून पोटरीत नाहीतर नुकतं निसवलेलं असतंय. पोटरी म्हणजे कणीस अजून पोटातच, निसवणं म्हणजे ते बाहेर पडणं. मग आम्ही नवं कसलं खाणार? आम्ही डोहाळेच करणार. माझी आई आयुष्यभर मराठीतच बोलली आणि आयुष्यभर हुण्णवीच म्हणाली, शेजारच्या कन्नड अक्का आमच्या बांधावर येऊन कडबू खाऊन जायच्या. आईच्या तोंडचा शब्द मी बदलणार नाही. रात्री चंद्राला मसाला दूध दाखवतो तेव्हा कोजागिरी म्हणतोच की.

बांधावरचा

पोटरीचं हे माहीत नव्हतं. पटलं.

काळी_माती

फिरायचं राहिलंच. नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या फौजेतल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, १८३१ मध्ये इंग्रजांनी त्यांना तिथंच फाशी दिली, पोरांना ते आधी दाखवा. मग हलशी, तिथनं जवळच. भूवराह नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंब राजांच्या काळातलं, आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, एका टोकाला वराह. त्याहून जुन्या कदंबांच्या वेळी हलशीचं नाव पलाशिका होतं. गोकाकचा धबधबा लांब पडतो, खरं एक दिवस जास्त असेल तर जावा, घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली पडते आणि पावसाळा संपता संपता पाणी चांगलं असतंय. काठावर दगड निसरडे असतात, पोरांचा हात सोडू नका. येताना गोकाकची करदंट मिठाई घ्या.

नंदगडचा_नातू

सगळ्यांचे खूप आभार. अक्का, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं, बायकोनं आजच पुरण करून बघितलं, सैल झालं, उद्या परत करूलीय. मामाला फोन केला तर म्हणाला आज्जीची बुट्टी माळ्यावर आहे, काढून ठेवतो. एकच राहिलं, अंबाडी पुण्यातनं घेऊन येऊ काय?

शहापूरची_सून

आणू नका, वाटेत सुकून जाईल. मामांना परड्यात बघायला सांगा, आज्जींनी लावलेली असेल तर आपोआप उगवलेली असणार. नसली तर आदल्या दिवशी सांगा, माझ्या भावाकडं आहे, सकाळी देठासकट पेंडी पाठवतो म्हणालाय.