उपग्रहाचा नकाशा आणि आमचा सडा

सडेकर:
काल इथे एकाने लिहिलं, पश्चिम घाटातला कोणता भाग जपायचा हे सांगणाऱ्या कस्तुरीरंगन समितीचा नकाशा तयार आहे, तो आहे तसा लागू करा. ग्रामसभांना विचारत बसलात तर सह्याद्री उरणार नाही. वाचून गप्प बसवेना. तो नकाशा २४ मीटरच्या ठिपक्यांनी बघतो, त्याला झाडोरा दिसतो. आमच्या राजापूरकडचा सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, मे महिन्यात नुसता काळा कातळ. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात असा कातळ 'खडकाळ ओसाड' म्हणून जातो. ऑगस्टमध्ये या. सीतेची आसवं या फुलांनी निळा झालेला असतो, दवबिंदू ही वनस्पती किडे धरत असते, कडेला आमची गुरं चरत असतात. खालच्या विहिरींना पाणी याच कातळातून झिरपतं. हे पिढ्यान्‌पिढ्या बघणाऱ्यांना विचारायचंच नाही?

घाटमाथा:
विचारण्यात दहा वर्षं गेली! संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४चा, सहावा ३१ जुलै २०२४चा. मधल्या काळात माळीण, तळिये, इर्शाळवाडी दरडींखाली गेली. ग्रामसभेला आपला डोंगर दिसतो, तिसऱ्या गावाने पोखरलेला उतार दिसत नाही. तिलारी ते राधानगरी हा वाघाचा रस्ता एका गावच्या ठरावात मावणार कसा? तो वरूनच बघावा लागतो.

काजूवाला:
वाघाचो रस्तो नकाशार गावलो, माझ्या बागेतली माकडां खय गावली नाय. अर्धो काजू तीच खातत. कवळे नारळ खाली टाकतत. पंचनाम्याक माणूस येयसर झाडार काय उरणा नाय.

दोडामार्गकर:
माकडांचं सोडा. आमच्याकडे २००२ पासून हत्ती आहेत. माझे अकरा माड एका रात्रीत आडवे झाले. वडिलांनी लावलेले होते. भरपाईचे पैसे आले, माड कुठून आणू?

पुणेवाला:
जंगल तोडून रबर लावलंत, आता जनावरं येतात म्हणून तक्रार कशाला?

दोडामार्गकर:
'लावलंत' कोणाला म्हणता? रबराच्या जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या. माझ्या सातबाऱ्यावर वनसंज्ञेचा शेरा आहे, म्हणजे जमीन माझी पण सरकारदरबारी जंगल. स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायला मी दोन वर्षं फेऱ्या मारल्या आणि शेजारचा डोंगर माझ्या डोळ्यांसमोर एका उन्हाळ्यात बोडका झाला. मला शिकवू नका.

काजूवाला:
बरोबर. आणि माकडांचा कोण बोलणत नाय.

घाटमाथा:
माकडांसाठी वेगळा धागा काढा. रबराबद्दल एवढंच, की समितीने लागवडी नैसर्गिक जंगलातून वेगळ्या काढल्या होत्या. आणि गावात घर बांधायला बंदी आहे ही अफवा कृपा करून थांबवा. मसुद्यातली बंदी खाणींवर, औष्णिक वीज प्रकल्पांवर, जास्त प्रदूषण करणाऱ्या 'लाल' गटातल्या नव्या उद्योगांवर आणि २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर आहे.

सडेकर:
घराची अफवा आहे, हे मान्य. पण मोठा अभ्यास नको असं मी कुठे म्हटलं? कस्तुरीरंगन यांच्या आधीच्या गाडगीळ समितीचाही अभ्यास मोठाच होता, नऊ बाय नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून केलेला. फरक एवढाच की तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा, चर्चा करा, मग ठरवा, असं तिने सांगितलं होतं. सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी आपण होऊन संवेदनशील क्षेत्राचे ठराव केले. गाडगीळ समितीने अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला आणि लोकांसमोर मे २०१२ मध्ये आला, तोही माहिती अधिकारात भांडून. मराठीत गावापर्यंत पोहोचवला कोणी? गावाला अंधारात ठेवायचं आणि वर म्हणायचं, गाव विरोध करतं.

घाटमाथा:
बरं. सड्याचा मुद्दा सोडतो. उपग्रहाला तो कळत नसेल तर जमिनीवर फिरून नकाशा सुधारायलाच हवा. पण चिरेखाणींचं काय? सड्याला यंत्र लावून जांभा कापायला परवानगी देणारी माणसं गावचीच असतात. तिथे तुमची ग्रामसभा गप्प का?

सडेकर:
याचं उत्तर द्यायला मला जड जातंय. आमच्या सड्यावरची पहिली चिरेखाण माझ्या चुलत्यांच्या जमिनीत निघाली. मुलीचं लग्न होतं, आंबा गेला होता. ग्रामसभेत मी बसलो होतो, हात वर केला नाही. आता पाणंदीकडची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. त्या दिवशी कोणी नकाशा समोर ठेवून, हे पाणी इथून त्या विहिरीत जातं, असं दाखवलं असतं तर काका थांबले असते का, माहीत नाही. मी मात्र बोललो असतो.