मदत हवी आहे: व्हिडिओ डीकोडरच्या फ्रेम बफरची माहिती कशी मांडावी?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला आम्ही तिघं एका लिनक्स बोर्डावर कॅमेऱ्याचं काम करतोय. हार्डवेअर डीकोडर (दाबलेला व्हिडिओ उलगडणारी चिप) व्हीफोरएलटूमधून, म्हणजे लिनक्सच्या व्हिडिओ उपकरणं चालवायच्या इंटरफेसमधून चालतोय, पण त्याचे बफर (डेटा ठेवायच्या मेमरीच्या जागा) कसे लावायचे हे नवीन पोरांसाठी मराठीत लिहायला बसलो आणि अडकलो.

पहिली गोची नावांचीच. एच.२६४चा, म्हणजे दाबलेल्या व्हिडिओचा डेटा आत ढकलायची रांग 'आउटपुट' आणि तयार फ्रेम बाहेर येतात ती 'कॅप्चर'! नावं आपल्या प्रोग्रॅमच्या बाजूनं ठेवलीत, हे कळेपर्यंत डोकं उठतं.

दुसरं म्हणजे आयर्विन पुलावर घेतलेल्या क्लिपमध्ये चित्राच्या अगदी तळाला, कृष्णेचं पाणी संपतं तिथं, बारीक हिरवी पट्टी यायची. दोन दिवस केबल बदलत बसलो. शेवटी कळलं, डीकोडर १६ ओळींच्या ठोकळ्यांत काम करतो आणि १०८० ला १६ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून डीकोडर १०८८ ओळींचा बफर मागतो. एनव्ही१२मध्ये (पिक्सेलमागं दीड बाइट घेणारी फ्रेमची मांडणी) १९२० × १०८८ × १.५, म्हणजे ३१,३३,४४० बाइट. खालच्या ८ ओळी क्रॉप करायच्या असतात, आम्ही त्याही दाखवत होतो.

आता प्रश्न. कॅप्चरचे बफर किती घ्यायचे ते व्हिडिओच्या सुरुवातीचं हेडर (आकार वगैरे माहिती) वाचून झाल्यावरच ड्रायव्हर सांगतो. शिवाय मध्येच रिझोल्युशन बदललं, तर उरलेल्या फ्रेम काढून, कॅप्चर रांग थांबवून बफर नव्यानं घ्यावे लागतात. हे सगळं सरळ पायऱ्यांत लिहू की अवस्थांची आकृती काढू? पायऱ्यांत लिहिलं की मागं उडी मारायची जागा दाखवता येत नाही. कुणी असं काही लिहिलं असेल तर नमुना दाखवा. आणि 'स्ट्राइड'ला (बफरमध्ये एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे बाइट) मराठीत काय म्हणता? मी सध्या तसंच ठेवलंय.