न झालेले लोहमार्ग मुक्त नकाशावर दाखवावेत का?

बालाघाटकर (धागाकर्ता):
२००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या मुक्त नकाशावर मराठवाड्यातील लोहमार्गांची नोंद आपणच नीट करायला हवी, कारण ओपनरेल्वेमॅप हा खास लोहमार्गांचा नकाशा तिच्याच आधारे दोन रुळांमधले अंतर, विद्युतीकरण आणि वेगमर्यादा दाखवतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग घ्या. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत गाडी सुरू झाली, परळीकडचे काम मात्र बाकी आहे. चालू भाग, बांधकामाधीन भाग आणि नुसता प्रस्तावित भाग अशा तिन्ही नोंदी करण्याची सोय तिथे आहे. ती पूर्ण वापरावी, असे माझे ठाम मत आहे.

सातबारा:
प्रस्तावित भागाला माझा स्पष्ट विरोध आहे. जागेवर जाऊन पडताळता येईल तेच नकाशावर घ्यावे, हा त्या प्रकल्पाचा मूळ संकेत आहे. सर्वेक्षणानंतर मार्गाची आखणी सरकते. पण एकदा तुटक रेषा उमटली, की तिचा स्क्रीनशॉट मोबाईलवर दाखवत ‘स्टेशन इथेच होणार’ म्हणून प्लॉटिंगवाले बांधावर येऊन उभे राहतात. त्यात कोरडवाहू शेतकरी नाडला गेला, तर रेषा काढणारा कुठे सापडणार?

जुनी बार्शी लाईन:
हाच संकेत गेलेल्या मार्गांनाही लावू या. रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर अंतर असलेली बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. पुढे रुंदीकरण करताना मार्ग धाराशिवकडून वळवला गेला. सोडून दिलेल्या भागात जिथे भराव किंवा दगडी मोरी उभी आहे, तिथे ‘परित्यक्त’ अशी नोंद जरूर करावी. जिथे नांगर फिरला आहे, तिथे करू नये. आणि कृपा करून खासगी कंपन्यांच्या नकाशांवरून रेषा गिरवू नका; तो परवान्याचा भंग ठरतो.

बालाघाटकर:
मोरीचा मुद्दा मान्य आहे. परंतु सातबारा, ज्यांची वरपर्यंत ओळख आहे त्यांना आखणी आधीच कळलेली असते. अंधारात राहतो तो शेतकरीच. माहिती झाकून ठेवल्याने दलालाचे काहीच बिघडत नाही.

सातबारा:
मग भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर, तिचा दिनांक आणि गट क्रमांक स्रोत म्हणून लिहून, तेवढाच भाग काढा. त्याला माझी हरकत नाही. स्रोत नसलेली रेषा दिसली, तर तिथे कारण नोंदवून मी ती काढून टाकीन.