शेतीची वाढ ३.४ टक्के, मग द्राक्षबागा तोट्यात कशा गेल्या?

गोदाकाठ (नाशिकरोड) – प्रश्न

नमस्कार मंडळी. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन जवळजवळ २४ टक्क्यांनी घटले आणि त्याच तिमाहीत शेती क्षेत्र मात्र ३.४ टक्क्यांनी वाढले, ही आकडेवारी मी वर्गात नेहमी सांगतो. यंदा निफाड तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग आमची बाग त्याच वर्षी कर्जात कशी गेली?" शेतमालाच्या वाहतुकीला टाळेबंदीतून सूट होती, बाजार समित्याही अत्यावश्यक सेवेत होत्या. मग साखळी नेमकी कोठे तुटली, हे त्या व्यवहारात असलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

काडीघड (दिंडोरी)

सर, आकडा खोटा नाही. तो स्थिर किमतींवर काढलेला असतो. किती पिकले ते त्यात दिसते, कितीला विकले ते दिसत नाही. शिवाय त्या हंगामात गव्हाची सरकारी खरेदी सुमारे ३९० लाख टनांवर गेली. द्राक्षाला ना हमीभाव, ना सरकारी खरेदी.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा आमच्याकडे काढणीचा हंगाम भरात होता. ज्यांचे सौदे झाले होते त्यांचेही व्यापारी फिरकेनासे झाले, कारण पुढे उत्तरेकडील बाजार अनिश्चित होते आणि माल पोहोचवून रिकामी परतणारी गाडी कोणत्या नाक्यावर अडकेल याची खात्री चालकालाही नव्हती. वाहतुकीला परवानगी होती, पण वाटेतला ढाबा, पंक्चरचे दुकान आणि गाडी भरणारे मजूर यांच्याशिवाय ट्रक चालत नाही, हे आदेश काढणाऱ्यांच्या फार उशिरा लक्षात आले.

अनेकांनी बेदाणा करण्याचा मार्ग धरला. मात्र साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो, त्यासाठी द्राक्षे बुडवून लवकर वाळवायला डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेट आणि जाळीचे शेड लागते, आणि ही व्यवस्था प्रामुख्याने सांगली-सोलापूरकडे आहे. दोन एकरांच्या शेतकऱ्याने ती ऐनवेळी कोठून उभी करावी?

खरा फटका पुढच्या वर्षी बसला आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. फळ उतरल्याशिवाय एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे पुढच्या हंगामाची नवी काडी तयार करण्यासाठीची छाटणी, करता येत नाही. छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत घडनिर्मिती होते आणि त्या काळात भरपूर ऊन लागते. माल वेलीवर अडकल्यामुळे ज्यांची छाटणी मेपर्यंत लांबली, त्यांचे हे दिवस ढगाळ पावसाळ्यात गेले. अशा बागेत फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात किंवा गोळीघड (नीट न वाढलेले छोटे घड) निघून त्यांचे बाळीत, म्हणजे वेलीच्या तणाव्यात, रूपांतर होते. टाळेबंदी उठली तरी तिचा हिशेब काडीत शिल्लक राहिला होता.

लिलावशेड (लासलगाव)

कांद्याची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ कांदा चाळीत (साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये) चार-सहा महिने टिकतो, त्यामुळे तो थांबू शकतो. प्रश्न शेतकरी थांबू शकतो का, हा असतो. बाजार समित्या कधी चालू, कधी बंद होत्या. हमाल-मापारी गावी गेले होते आणि गर्दी टाळण्यासाठी मोजक्याच ट्रॅक्टरना प्रवेश मिळत होता. मे २०२० मध्ये वाशीचा घाऊक बाजार रुग्ण आढळल्यामुळे आठवडाभर बंद राहिला, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या मालाचा मुख्य दरवाजाच मिटला. ज्याच्याकडे चाळ नव्हती किंवा खरिपाच्या बियाण्यासाठी रोख पैसा नव्हता, त्याने मिळेल त्या भावात कांदा विकला. चाळवाल्यांना सप्टेंबरमध्ये चांगला भाव दिसू लागला, तोच १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली आणि ती १ जानेवारी २०२१ पर्यंत टिकली. ती महामारीने आणली नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाता जाता मक्याचेही सांगतो. कोंबडीमुळे कोरोना होतो या अफवेने टाळेबंदीच्या आधीच पोल्ट्री बसली, मक्यापासून होणाऱ्या कोंबडीखाद्याची मागणी गेली आणि १७६० रुपये हमीभाव असलेला मका त्याच्या बराच खाली विकावा लागला. येवला-मालेगावकडच्या मका उत्पादकाचा कोंबडीशी थेट संबंधही नव्हता.

नागलीवरई (सुरगाणा)

वरच्या चर्चेत 'मजूर गेले' एवढ्यावर विषय संपतो, म्हणून लिहितो. द्राक्षपट्ट्यात छाटणी-काढणीला जाणारे सुरगाणा-पेठचे मजूर स्वतः अल्पभूधारक शेतकरी आहेत. बागेतून मिळालेल्या मजुरीतूनच भात-नागलीचे बियाणे आणि युरिया यांचा खर्च निघतो. त्या वर्षी ते हंगाम अर्धवट सोडून परतले, काहींची मजुरी मालकाकडेच अडकली, कारण मालकाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले होते. ज्यांची स्वतःची बाग नाही, त्यांचे नुकसान कोणत्याही यादीत कोणी लिहून घेतले नाही.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. किसान रेल्वे आणि थेट विक्रीचा उपयोग झाला का?

काडीघड (दिंडोरी)

देवळाली-दानापूर किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी सुटली. तोवर आमचा हंगाम कधीच संपला होता. डाळिंब, ढोबळी मिरची यांना ती उपयोगी पडली, कारण थोडा मालही घेतला जात होता आणि पुढे भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. थेट विक्रीत मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने फळे-भाज्यांच्या टोपल्या शहरांतील घरांपर्यंत पोहोचवल्या, परंतु त्यांच्याकडे शीतगृह, पॅकहाउस आणि सभासदांचे जाळे आधीपासून होते. ज्या गावांत असा गट नव्हता, तेथील शेतकऱ्यांनी पिकअप घेऊन नाशिकच्या सोसायट्यांसमोर उभे राहून विक्री केली. दोन-तीन क्विंटल त्यात खपतात. एकरी दहा टन द्राक्षे खपत नाहीत.