पाइप फुटणे आणि पाझरणे यांत फरक आहे

वॉशिंग मशीनचा पाइप फुटून घराचे झालेले नुकसान घराच्या विम्यात बसतच नाही, असे मत इथे मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या प्रमाणित विमा पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि पाइप फुटणे किंवा भरून वाहणे हा जोखमीचा स्वतंत्र प्रकार आहे. मात्र पाइप न फुटता पाणी महिनोन्महिने झिरपून कपाटाची प्लायवूड फुगली, तर दावा टिकणे कठीण असते. आमच्याकडे नळाच्या नटाजवळच पाइप चिरला होता. तो तुकडा आम्ही जपून ठेवला आणि नुकसान तपासायला आलेल्या विम्याच्या सर्वेक्षकाने आधी तोच मागितला. म्हणून कृपया फुटलेला भाग फेकू नका. खालच्या शेजाऱ्यांच्या छताची भरपाई मात्र या पॉलिसीत गृहीत धरू नये.