शेजारी फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) मोडत नाही, मी एकट्यानं मोडून काय उपयोग?

तापीकाठचा (चोपडा):
माझी 6 एकर बागायती कपाशी. दोन वर्षं झाली, डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटतो. शेजारच्या तात्यांची मात्र मार्चपर्यंत उभी. विहिरीला पाणी आहे, फुटवे येतात, आणखी दोन वेचण्या निघतात. निम्मी कवडी (किडका, डागाळलेला कापूस), व्यापारी भाव पाडतो, तरी पोरीच्या लग्नाचा मांडव त्यातच उठतो म्हणतात. खोटंही नाही ते. पण बोंडअळी तिथंच पोसते अन् पुढच्या हंगामात पतंग माझ्या वावरात. 2017 आठवतं ना? बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी. सभेत सगळे माना हलवतात, पारावर आले की "मन्हा वावरमा मी काय बी करसू". कोणाच्या गावात हे बदललं का? कशानं?

शिरपूरकर:
भाऊ, समजावणं सोडा. सलग 3 रात्री सापळ्यात 8-8 पतंग दिसले की फवारणीची वेळ, हे आम्हाला दहादा सांगून झालं होतं. मग आम्ही चौघांनी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले आणि रोजचा आकडा पाराच्या भिंतीवर खडूनं लिहायला लागलो. लोक चहाआधी भिंत बघायला लागले. ज्या बांधावर पऱ्हाटीची गंजी, तिथला आकडा मोठा. नाव लिहायची गरजच पडली नाही. (पावसानं भिंत धुतली, मग पाटी आणली.)

साक्रीची सून:
आम्ही शेवटच्या वेचणीनंतर ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवतो. उरल्यासुरल्या कैऱ्या (न फुटलेली हिरवी बोंडं) त्या खातात, वर लेंडीखत. सासरे आधी नाही म्हणाले. शेजाऱ्याचं वावर पाहिलं अन् दुसऱ्या वर्षी स्वतःच मेंढपाळांच्या वाड्यावर निरोप धाडला.

पांझरेकाठचे नाना:
आमच्याकडच्या फड बागायतीत एका फडात (पाटाखालच्या शेतांच्या गटात) एकच पीक. कोणतं, ते सगळे मिळून ठरवत. पाटकरी (पाटाचं पाणी वाटणारा) पाणी सोडेल तेव्हाच भिजवायचं. तिथं "माझं वावर" चाललंच नाही. विहिरी-बोअर आल्या तसा जो तो राजा झाला. पण दादा, तात्यांच्या मांडवाचं काय? त्याच पाण्यावर दुसरं काही सुचवा, नाहीतर ते ऐकायचे नाहीत.

तापीकाठचा (चोपडा):
नाना, बरोबर बोललात. काल तात्यांकडे उन्हाळी बाजरीचा विषय काढला. धान्याला हुं की चूं नाही, पण चाऱ्याचं नाव काढल्यावर म्हणाले, "म्हशी दोन आहेत माझ्या, पुरंल का?" पाटी आजच आणतो. खडू पोरगी देते म्हणाली.