ओतकामातलं गणित आणि कल्पकता

गणित एकदा सूत्रात बसलं की कल्पकतेला जागा उरत नाही, असं काहीजण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. आमच्या कोल्हापुरात शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, जाऊन बघा.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) करणारा मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर जादा धरतो. हे सोपं. खरी मजा रायझरची. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, गोठताना कमी पडणारा रस (वितळलेला धातू) पुरवायला साच्यात ठेवलेला साठा म्हणजे रायझर. तो कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, नाहीतर आत पोकळी राहते. ख्वोरिनोव्ह या अभियंत्याने १९४० मध्ये मांडलेला नियम असा: गोठण्याचा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ, याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १० सेंमी बाजूचा ठोकळा आणि २० × २५ × २ सेंमीची पाटी घ्या. घनफळ दोन्हींचं १००० घन सेंमी, पण पृष्ठफळ ६०० आणि ११८० चौरस सेंमी. त्याच वाळूच्या साच्यात, त्याच रसाचा ठोकळा गोठायला जवळजवळ चौपट वेळ घेतो!

या हिशेबाने चेंडूसारखा गोल रायझर उत्तम, पण त्याचा साचा करणं कटकटीचं, म्हणून बहुधा नळकांडी आकार घेतात. तो कुठे बसवायचा, एक की दोन, त्याला कास्टिंगशी जोडणारी मान किती जाड ठेवायची, हे सगळं एकटं सूत्र ठरवत नाही. दोन जाणकार एकाच व्हॉल्व्ह बॉडीसाठी (व्हॉल्व्हच्या बाहेरच्या कवचासाठी) वेगवेगळी मांडणी काढतात आणि दोन्ही कास्टिंग निर्दोष निघू शकतात. शाळेत घनफळ-पृष्ठफळ शिकवताना पोरांना एकदा तरी रस ओतताना दाखवायला हवा.